कचेरीची थट्टा: दगडावर आणि भारुडात

वकील आणि न्यायाधीशांची चित्रांतून टर उडवण्याची कला खरी फुलली ती पॅरिसमध्ये. ओनोरे दोमिए याने १८४५ ते १८४८ या काळात ‘ल शारिव्हारी’ या पत्रात कोर्टातल्या मंडळींवर शिळाछापाची चित्रमालिका काढली. पोरवयात तो बेलिफाच्या हाताखाली हरकाम्या होता, त्यामुळे वकिलांचे काळे झगे त्याच्या ओळखीचे होते. त्याचा वकील झग्याच्या बाह्या पसरून आकांत करतो, डोळे मात्र कोरडे. शिळाछापात तेलकट खडूने थेट दगडावर काढायचे असते. मध्ये कोरणारा कारागीर नसतो. हाताचा फटकारा जसाच्या तसा कागदावर उतरतो, म्हणून हे माध्यम थट्टेला सोयीचे.

मराठी मुलखात छपाई काही उशिरा आली नाही. गणपत कृष्णाजींचे छापील पंचांग १८३१ चे, पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ चा. पण गिऱ्हाईक होते पंचांगाला आणि देवादिकांच्या तसबिरींना. मुंबईच्या ‘हिंदी पंच’ने व्यंगचित्र रुजवले, १९६० साली ‘मार्मिक’ निघाले, त्याचा रोख मुख्यतः पुढाऱ्यांवर, कोर्टावर नव्हे. न्यायालयाच्या अवमानाचा धाक हे यामागचे एक कारण. दुसरे जरा अवघड जागेचे: टिळकांसारखे पत्रकार स्वतःच कायदा शिकलेले, टिळकांनी तर पुण्यात कायद्याचा वर्गही चालवला. आपल्याच घरावर दगड कोण टाकणार?

छापखान्याबाहेरच्या चित्रांतही ही थट्टा नाही: पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रे हाताने रंगवलेली आहेत, छापलेली नव्हेत, विषय रामायण-महाभारताचे. कचेरीची थट्टा पैठणात झाली ती शब्दांत, संत एकनाथांच्या भारुडांत, आणि दोमिएच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, त्यामुळे फारसीमिश्रित दप्तरी भाषा नाथांना सवयीची. अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, अभयपत्र हे सरकारी कागदांचे नमुने त्यांनी भारुडाला दिले. ‘अर्जदस्त’मध्ये शरीर हाच परगणा. जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून वर तक्रार करतात की दंभाजी शेटे, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी कारभार चालू देत नाहीत. रूपक अध्यात्माचे खरे, पण हसू येते ते हाताखालच्याच्या लाचार कागदी भाषेला. या बाबतीत ते दोमिएच्या झग्यांइतकेच नेमके आहे.

हा वारसा पुढे रंगमंचाने उचलला. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये अभिरूप खटल्याच्या खेळात एक बाई खरोखरच सोलली जाते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) चित्रपटात कंटाळवाणी तारीखच खलनायक होते. छापाचित्राला अशी परंपरा लाभली नाही. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी यांना व्यंगचित्रांपायी मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा चित्रकार कोर्टात पोहोचला खरा, पण आरोपी म्हणून. भारूड मात्र अजून जिवंत आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणच्या यात्रेत नाथांचा उत्सव होतो, तिथे ते आजही रंगते.