‘गोइन होम’ : परक्या सुरावटीचे देशीपण

आर्ची शेप (सॅक्सोफोन) व होरेस पार्लन (पियानो) यांची, १९७७ साली कोपनहेगन येथे मुद्रित झालेली ‘गोइन होम’ ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांची, म्हणजे ‘स्पिरिच्युअल्स’ची, म्हणून ओळखली जाते. गुलामगिरीत जन्मलेली ही गीते येथे शब्दांवाचून, दोनच वाद्यांवर वाजविली आहेत. परंतु जिच्यावरून मुद्रिकेला नाव मिळाले ती पहिलीच रचना मुळात या परंपरेतील नव्हे. झेक संगीतकार द्वोर्झाक यांच्या १८९३ मधील ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीच्या संथ भागातील ती सुरावट असून, तिला शब्द दिले ते त्यांचे शिष्य विल्यम आर्म्स फिशर यांनी, १९२२ मध्ये. पुढे पुष्कळांनी तिला लोकगीतच मानले.

मग ही निवड चुकीची मानावी काय? मला तसे वाटत नाही. भाषाभ्यासकाला हा प्रकार परिचित आहे. ‘पगार’ आणि ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, म्हणून ते मराठी नव्हेत असे आज कोणी म्हणणार नाही. शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि त्याचा भाषेतील अधिकार वेगळा. हा अधिकार उच्चाराने व वापराने सिद्ध होतो. (शिवाय न्यूयॉर्कच्या वास्तव्यात द्वोर्झाक यांनी हॅरी बर्ले या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या तोंडून ही भक्तिगीते ऐकली होती, तेव्हा देणेघेणे एकतर्फी नव्हते.)

शेप यांचा ‘उच्चार’ येथे निर्णायक ठरतो. १९६५ च्या ‘फायर म्युझिक’मधील त्यांचा आवेश ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथील संयमाचे आश्चर्य वाटेल. मूळ चाल ते फारशी मोडीत नाहीत. मात्र स्वर लागण्यापूर्वी श्वासाची खरखर ऐकू येते, मधूनच आवाज घोगरा होतो, आणि वाक्य संपल्यावरही कंप रेंगाळतो. शब्द गेले, आघात, विराम आणि श्वास राहिले. गीताचे ‘बोलणे’ एवढ्यावर टिकते, ही गोष्ट अर्थ केवळ शब्दांत शोधणाऱ्या आपणांस विचारात पाडणारी आहे.

पार्लन यांचा उजवा हात बालपणीच्या पोलिओमुळे अंशतः अधू झाला होता. त्यांच्या मितव्ययी वादनाचे सारे श्रेय या आपत्तीला देण्याची प्रथा मला मान्य नाही. केव्हा थांबावे हे बोटे ठरवीत नाहीत. शेप यांचा स्वर डळमळू लागला की पार्लन यांचे स्वरसंघात त्याच्याखाली पायरीसारखे येतात.

उणीव एकच, पण ती लहान नव्हे. संथ लयीमागून संथ लय येत राहिल्याने उत्तरार्धात शोकाला सवयीचे रूप येते, आणि या गीतांतील सामूहिक टाळी व पदन्यास, जो शोकाइतकाच त्यांचा भाग होता, येथे जवळजवळ ऐकूच येत नाही.