'स्वप्ननिद्रा' : एका संज्ञेची चिकित्सा

मानपाड्यात रस्त्याकडेला झोपलेले कुत्रे पाय झाडू लागले की पाहणारा 'त्याला स्वप्न पडले आहे' असे सहज म्हणून जातो. मराठी विज्ञानलेखनातील 'स्वप्ननिद्रा' ही संज्ञाही हाच सहज निष्कर्ष गृहीत धरते.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत ठरावीक काळाने डोळे जलद हलतात, हे नोंदविले. या 'रेम' निद्रेतून जागविलेली माणसे बहुधा स्वप्न सांगत. त्यातूनच रेम म्हणजे स्वप्न हे समीकरण रुजले. वस्तुतः इतर निद्रावस्थांतून उठविलेली माणसेही स्वप्ने सांगतात, हे डेव्हिड फोक्स यांनी १९६२ मध्येच दाखविले होते.

प्राण्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. रेम निद्रेत स्नायू शिथिल असतात. फ्रान्समधील मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील ही शिथिलता घडविणारा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरे उठून जणू अदृश्य भक्ष्यावर झेप घेऊ लागली. २००१ मध्ये केनवे लुई व मॅथ्यू विल्सन यांना, उंदीर मार्गावर धावताना त्यांच्या मेंदूतील पेशी ज्या क्रमाने चेतल्या, त्याच्याशी जुळणारा क्रम रेम निद्रेतही आढळला. हा पुरावा नि:संशय प्रबळ आहे. तथापि 'अदृश्य भक्ष्य' हे शब्द निरीक्षकाचे आहेत, मांजराचे नव्हेत!

येथे संत बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंगांचे स्मरण उद्बोधक ठरते. कोल्हापुरात त्यांना एका वासराचा लळा लागला. ते कीर्तनालाही त्यांच्यासोबत जाई. मुक्याला वाचा देणाऱ्या ईशकृपेचा श्लोक कोणी अर्धा म्हणतो आणि मरणासन्न वासरू उरलेला अर्धा पूर्ण करते, असा प्रसंग त्यात आहे. पुढे बहिणाबाईंना तुकारामांचा अनुग्रह होतो तो स्वप्नात. हे स्वप्न आपल्यापर्यंत पोहोचते, कारण ते पाहणारीनेच कथन केले. प्रयोगशाळेतील माणसाचे स्वप्नही अखेर जागे झाल्यावरचे कथनच असते. प्रयोगशाळेतील मांजर मात्र श्लोक पूर्ण करीत नाही. तो अर्धा भाग संशोधक स्वतःच म्हणतो आणि मांजराच्या नावे नोंदवितो.

जुवे यांनी १९५९ मध्ये या अवस्थेला 'विरोधाभासी निद्रा' म्हटले, कारण मेंदू जागृतासारखा सक्रिय आणि देह मात्र शिथिल. या नावात स्वप्नाचा उल्लेख नाही. मराठीत प्राण्यांविषयी लिहिताना तरी तेच स्वीकारणे अधिक सयुक्तिक होय.