पान, आवाज आणि सिद्धी : दृश्यकादंबरीच्या यशाचा प्रश्न

कोणत्याही कथनप्रकाराचे यश कशात मानावयाचे, हा प्रश्न त्या प्रकाराच्या घटनेपासून वेगळा काढता येत नाही. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ या नावाने ओळखला जाणारा संगणकीय कथाप्रकार, म्हणजे दृश्यकादंबरी, घडविणाऱ्यांच्या चर्चेत मात्र यशाचे निकष बहुधा बाहेरून आलेले असतात. प्रती किती खपल्या, चित्रे किती सफाईदार आहेत, कथेला शेवट किती आहेत. निदान, हाती घेतलेले काम पुरे झाले की नाही. यांतील पहिला निकष बाजारपेठेचा, दुसरा चित्रकलेचा, तिसरा खेळाचा आणि चौथा तर निव्वळ चिकाटीचा. पडद्यावर एक स्थिर आकृती, तिच्यामागे एखादे स्थळचित्र, खाली चौकटीत दोन-तीन ओळी, आणि वाचकाने कळ दाबल्यावर येणारी पुढची ओळ : एवढ्या सामग्रीतून उभ्या राहणाऱ्या कथनाचा स्वतःचा निकष कोणता, हे त्यांवरून कळत नाही.

तो शोधताना कुडाळजवळच्या पिंगुळीकडे वळणे उपयुक्त ठरते. सिंधुदुर्गातील ठाकर समाजाने सांभाळलेली चित्रकथी ही स्थिर चित्र आणि उच्चारित शब्द यांच्या जोडकामावर उभी असलेली परंपरा आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवून त्यांची पोथी केलेली असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असल्यामुळे पान उलटले की पुढचा प्रसंग समोर येतो. कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर धरतो. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने गातो, मध्येच गद्यात उतरतो, आणि साथीदार त्याचा शब्द उचलून धरतात. चित्रांतील आकृती ठसठशीत, मोठ्या डोळ्यांच्या आणि पुष्कळशा साचेबंद असतात; मागचा अवकाश बहुतांशी रिकामा. केवळ चित्र म्हणून पाहणाऱ्यास हे दारिद्र्य वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती जागा आवाजासाठी राखलेली आहे. धनुष्य ताणून उभा असलेला वीर तसाच उभा राहतो. बाणाचे सुटणे, लागणे आणि त्यानंतरचा आक्रोश हे सारे कथेकऱ्याच्या कंठात घडते. एखादे पान तो क्षणभर दाखवील, एखादे गाण्याच्या आवर्तनांत रेंगाळत ठेवील. पानाचा काळ पानावर रंगविलेला नसतो.

हीच चित्रे कथेकऱ्यापासून तुटली की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील या जातीची चित्रे ‘पैठण शैली’ या नावाने अभ्यासकांत रूढ झाली, ती पैठणला मिळाली म्हणून. म्हणजे नाव पडले ते सापडण्याच्या जागेवरून. रेषा, रंग, आकृतिबंध यांची त्यानंतर जी चिकित्सा झाली ती आवश्यकच होती. परंतु काचेमागे शेजारी-शेजारी मांडलेली पाने चित्रे म्हणून जितकी यशस्वी होतात, तितकीच कथा म्हणून मुकी होतात. यश येथे आले आहे, पण ते दुसऱ्याच प्रकाराच्या खात्यावर जमा झाले आहे.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार येतो. स्मित, हास्य, साधुकार, रोमांच यांतून प्रकट होणारी ती मानुषी. आणि रंगमंडप भरलेला असूनही जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, ती दैवी. सिद्धी प्रयोगाची असते, संहितेची किंवा नेपथ्याची सुटी सिद्धी नसते, हे यातील मर्म. दृश्यकादंबरीला मंडप नाही. एक वाचक आणि एक कळ, इतकाच तिचा प्रेक्षकवर्ग. तरीही ओळ वाचून झाल्यावर कळेवरचे बोट क्षणभर थांबते, तेव्हा भरताने सांगितलेली निःशब्दता तेथे उतरलेली असते. उलट, पुढे काय ते कळावे म्हणून कळ भराभर दाबली जाऊ लागली की त्याच्याच परिभाषेत तो ‘घात’ म्हणावा लागेल.

जपानमधील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. र्युकिशी ०७ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’ ही दृश्यकादंबरी २००२ साली कोमिकेत या हौशी प्रकाशकांच्या मेळाव्यात विक्रीस आली. चित्रे लेखकाचीच, आणि चांगलीच अनघड. हातांची बोटे तर चेष्टेचा विषय झाली. वाचकाने निवडावयाचे पर्याय कथेच्या ओघात नाहीतच. वर दिलेल्या बाह्य निकषांपैकी दोहोंवर ही कृती प्रारंभीच नापास ठरते. तरीही त्या जाड, जवळजवळ बालिश चेहऱ्यांवर एखादे वाक्य भय ओतू लागते, तेव्हा चेहरा बदललेला नसूनही बदललेला भासतो. पुढे २००७ मध्ये प्लेस्टेशन २ साठी निघालेल्या आवृत्तीत चित्रे नव्याने काढली गेली, पर्यायही आले. असे असूनही मूळ चित्रांचा आग्रह धरणारे वाचक राहिले. तो आग्रह गतकातरता म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण सफाईदार चित्र स्वतःच सारे सांगू लागले की शब्दाला काम उरत नाही, ही त्यामागची जाण समीक्षकाने ओळखावयास हवी.

पिंगुळीची तुलना अर्थात सर्वत्र पोहोचत नाही. चुनसॉफ्टच्या १९९४ मधील ‘कामाइताची नो योरू’ सारख्या कृतीत वाचकाच्या निवडीनुसार कथेला फाटे फुटतात. चित्रकथीतील आख्यानाचा शेवट श्रोत्याला आधीच ठाऊक असतो. मात्र ही उणीव समजण्याचे कारण नाही. शेवट ठाऊक असलेल्या श्रोत्याला रात्री जागे ठेवणे, हे शेवटांची संख्या वाढविण्यापेक्षा बिकट काम आहे.

परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीत त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या ठाकर आदिवासी कला आंगणात चित्रे, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या एकत्र पाहावयास मिळतात. चित्रे स्वतंत्रपणे रंगवून विकलीही जातात, आणि कलावंताच्या चरितार्थाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. उद्या कोणी या पोथीवरून दृश्यकादंबरी रचू पाहील, तर पाने पडद्यावर आणणे त्याला जड जाणार नाही. कोणत्या ओळीपाशी पान उलटावे आणि ते उलटण्याआधी किती थांबावे, हे मात्र पोथीत कोठेच नोंदलेले नाही. त्यासाठी त्याला कथेकऱ्यासमोर बसूनच ऐकावे लागेल.