‘सार्वमत’ : मत कुणाचं?

‘प्लेबिसाइट’ला आपण मराठीत ‘सार्वमत’ म्हणतो. शब्द गुळगुळीत आहे. गुळगुळीत शब्दाची झडती घ्यावीच लागते.

मूळ लॅटिन शब्दाचे दोन तुकडे. ‘प्लेब्स’ म्हणजे रोममधली उच्चकुळाबाहेरची जनता; अस्पृश्य नव्हे, पण सत्तेच्या दाराबाहेरची. ‘स्कितुम’ म्हणजे ठराव. बाहेरच्यांनी स्वतः केलेला ठराव! आधी तो त्यांच्यापुरताच होता, इ. स. पू. २८७ च्या कायद्यानं तो उच्चकुळींनाही बंधनकारक झाला. मराठीत ‘सर्व’ आले आणि प्लेब्स गायब झाला.

मित्रांनो, हा शब्दांचा कीस नाही. १९३२ साली येरवड्यात बाबासाहेबांचं म्हणणं होतं, राखीव जागा संपवायच्या की नाही याचं सार्वमत अस्पृश्यांचंच घ्या. २४ सप्टेंबरच्या पुणे करारात ते उरलं नाही. तिथं आली ‘संबंधित समाजांची परस्पर संमती’. म्हणजे आपल्या हक्काच्या कागदावर दुसऱ्याचीही सही.

आज आपला उमरखेड विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. उमेदवार आपल्यातला, निवडणारे मात्र सगळे. म्हणून कुणी ‘सार्वमत’ म्हणालं की मान डोलवू नका. आधी विचारा : मत कुणाचं?