आलेखावरून समीकरण सोडवणे : पद्धतीचे बळ आणि मर्यादा

दहावीत ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आलेखाने सोडवताना तुम्ही दोन रेषा काढल्या, छेदनबिंदू पाहिला आणि उत्तर लिहिले. तो बिंदू बहुधा पूर्णांकांवरच यायचा. हीच सवय पदवीच्या वर्गात फसवू शकते. म्हणून ही पद्धत एकदा नीट पारखू.

आधी बळ. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब साधारण ९१ किलोपास्कल असतो. मग तेथे पाणी किती तापमानाला उकळेल? पाण्याच्या बाष्पदाबाचा आलेख घ्या, ९१ वर आडवी रेषा ओढा आणि छेदनबिंदूखालचे तापमान वाचा : सुमारे ९७ अंश सेल्सिअस. सूत्र उलटवण्याची खटपट नाही. शिवाय येथे वक्र दर अंशाला सुमारे ३.३ किलोपास्कल चढतो. दाब वाचताना १ किलोपास्कलची चूक झाली, तरी तापमानात ०.३ अंशाचाच फरक पडतो. वक्र चढा असेल तेथे ही पद्धत भरवशाची आहे.

आता मर्यादा. २^क्ष आणि क्ष² यांचे आलेख ० ते ५ या पट्ट्यात काढा. छेदनबिंदू २ आणि ४ येथे दिसतात आणि आपण थांबतो. पण −०.७६७ जवळ तिसरे मूळ आहे. ते आपल्या कागदाबाहेर राहिले.

क्ष² − २क्ष + १.०००१ = ० घ्या. वक्र क्ष = १ येथे अक्षाला टेकलेला दिसतो, पण वास्तव मूळ एकही नाही. १.०००१ च्या जागी ०.९९९९ घेतल्यास चित्र तेच दिसते, मुळे मात्र दोन : ०.९९ आणि १.०१.

दोष आलेखाचा नाही. चित्रालाच सिद्धता मानण्याचा आहे. फ(क्ष) = २^क्ष − क्ष² घ्या. फ(−१) = −०.५, फ(०) = १. फल सतत आहे, म्हणून मध्ये मूळ आहेच. ऋण बाजूला ते वर्धमान आहे, म्हणून तेथे एकच मूळ आहे. धन बाजूला दोनच का, हे तुम्ही सिद्ध करा : (लॉग क्ष)/क्ष कोठे वाढते आणि कोठे घटते ते पाहा.

मूळ कोठे शोधावे हे आलेख सुचवतो. ते आहे का आणि किती आहेत, हे सिद्धतेने ठरते. उत्तरपत्रिकेत ‘आलेखावरून’ एवढेच लिहून थांबू नका.