वेदनेचा पुरावा : एमी वाइनहाउसच्या वारशाचा वाद

मे २००८ मध्ये केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे व्यावहारिक समीक्षेची जी प्रश्नपत्रिका आली, तिच्यात एक अनपेक्षित नाव होते. सर वॉल्टर रॅलेच्या सोळाव्या शतकातील एका कवितेची तुलना आधुनिक गीताशी करावयाची होती, आणि त्यासाठी सुचविलेल्या गीतांत बिली हॉलिडे व बॉब डिलन यांच्या रचनांबरोबर एमी वाइनहाउसचे 'लव्ह इज अ लूझिंग गेम' हेही गीत होते. त्याच महिन्यात या गीताला ब्रिटनमधील आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला. त्याच काळात लंडनची वृत्तपत्रे या गायिकेच्या व्यसनांच्या बातम्यांनी आणि छायाचित्रांनी भरलेली असत. व्यावहारिक समीक्षेची पद्धत मुळात केंब्रिजचीच. आय. ए. रिचर्ड्‌सने कवीचे नाव वगळून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या, त्यांचे अभिप्राय गोळा केले आणि १९२९ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. कवीविषयीच्या ऐकीव माहितीने कवितेचे वाचन अगोदरच ठरून जाऊ नये, हा त्या प्रयोगामागचा एक विचार. पाऊणशे वर्षांनंतर त्याच विद्यापीठातील परीक्षार्थीपुढे असे गीत आले, की ज्याच्या कर्त्रीविषयी त्याने काहीच ऐकलेले नसणे जवळजवळ अशक्य होते.

वाइनहाउसच्या वारशाविषयी तिच्या चाहत्यांत जो वाद चालत आला आहे, त्याचे मूळ या अडचणीत आहे. उत्तर लंडनमधील एका ज्यू कुटुंबात १४ सप्टेंबर १९८३ रोजी जन्मलेली ही गायिका २३ जुलै २०११ रोजी कॅमडेनमधील आपल्या घरी मृत्यू पावली. तिच्या हयातीत 'फ्रँक' (२००३) आणि 'बॅक टू ब्लॅक' (२००६) या दोनच पूर्ण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या. दुसरीने २००८ मध्ये तिला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिले. एवढ्या अल्प कृतीवर एवढा मोठा वाद उभा राहतो, कारण पक्ष घेणाऱ्यांना कृतीबरोबर एक आयुष्यही हाताशी मिळालेले आहे. एका पक्षाच्या मते तिची गीते ही तिची रोजनिशीच होय. ती जळत होती म्हणून तिचा आवाज तसा होता. दुसरा पक्ष या बोलण्याला विटलेला आहे. दारूची आणि प्रेमभंगाची कथा बाजूला सारा, म्हणजे जॅझची जाण, यमकांची नजर आणि लयीवरील हुकमत असलेली एक कसबी गायिका दिसेल, असे त्याचे म्हणणे. तिसरा एक वाद दोषी कोण याचा आहे : वडील, पती, व्यवस्थापक की वृत्तपत्रे? आसिफ कपाडियाच्या 'एमी' (२०१५) या माहितीपटापासून कुटुंबीयांनी स्वतःला अलग करून घेतले. उलट सॅम टेलर-जॉन्सनच्या 'बॅक टू ब्लॅक' (२०२४) या चित्रपटावर वडील आणि पती यांना सौम्यपणे वागविल्याचा आक्षेप आला. या तिसऱ्या वादात समीक्षेने गुंतण्याचे कारण नाही.

कपाडियाचा माहितीपट मात्र समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या पक्षाचे वाचन त्याने एका तंत्रात रूपांतरित केले. जुने घरगुती चित्रण, मुलाखतींचे केवळ आवाज, आणि गाणे सुरू झाले की पडद्यावर उमटत जाणारे त्याचे शब्द, अशी त्याची रचना आहे. गीतातली ओळ एका बाजूला आणि ती ज्या घटनेतून आली असे मानले जाते तिचे चित्रण दुसऱ्या बाजूला. या मांडणीचा परिणाम प्रेक्षकाला हलवून सोडणारा आहे, आणि ऑस्कर पुरस्काराचा मान तिला मिळाला यात नवल नाही. पण या मांडणीत गीताचा दर्जा बदलतो. ते साक्ष होते. गीतातील 'मी' आणि चित्रफितीतील स्त्री यांच्यामध्ये जे अंतर गीतकार मोठ्या कष्टाने निर्माण करतो, ते संकलनाच्या एका जोडणीने मिटते.

त्या अंतराचे महत्त्व 'रिहॅब' या तिच्या सर्वांत गाजलेल्या गीतावरून तपासता येईल. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालता चालता, घरच्यांनी आपल्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठविण्याचा प्रयत्न कसा केला हे तिने निर्माता मार्क रॉनसनला सांगितले, आणि त्या सांगण्यातूनच गाण्याचे धृपद निघाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे बीज चरित्रातले आहे, याविषयी वाद नाही. परंतु गीताची चाल उडती आहे, टाळ्यांचा ठेका आहे, नकार हट्टी पोराच्या तालात पुन्हा पुन्हा येतो. उपचाराला नकार देणारी ही नायिका त्याऐवजी शिकवणीसाठी जाते ती रे चार्ल्स आणि डॉनी हॅथवे यांच्याकडे. रे चार्ल्सने हेरॉइनच्या व्यसनाशी वर्षानुवर्षे झुंज दिली होती. हॅथवे मानसिक आजाराने ग्रासलेला होता आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून मरण पावला. सोल संगीताच्या जाणकाराला ही गुरुनिवड किती वक्र आहे ते कळल्यावाचून राहणार नाही. नायिका जे बोलते त्याहून गीताला अधिक माहीत आहे. वाङ्मयीन परिभाषेत ज्याला औपरोधिक निवेदन म्हणतात ते हेच. २००६ मध्ये श्रोते या गीताला हसले. २०११ नंतर त्याच श्रोत्यांना ते भविष्यवाणीसारखे ऐकू येऊ लागले, आणि हसल्याबद्दल त्यांना अपराधी वाटू लागले. त्यांचा अपराधभाव प्रामाणिक असेल. पण त्याच्या भरात गीतातला विनोद गेला, आणि वाइनहाउसच्या प्रतिभेचा कदाचित निम्मा भाग विनोदाचा होता.

येथे प्रश्न केवळ आस्वादाचा उरत नाही. वेदनेमुळे कला घडली, हे विधान एकदा स्वीकारले की मृत्यू ही त्या कलेची स्वाभाविक परिणती ठरते. 'बॅक टू ब्लॅक' हा ग्रंथ असेल तर २३ जुलै त्याचे शेवटचे पान. मृत्युचौकशीचा निर्णय याहून साधा होता. दोनदा, २०११ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१३ मध्ये, तो दिला गेला : अतिमद्यपानाने झालेला अपघाती मृत्यू. मृत्युसमयी तिच्या शंभर मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होते. 'अपघात' या शब्दात ते टळू शकले असते असा अर्थ आहे. कथेला मात्र टळू शकणारा शेवट सोसत नाही. ज्या रसिकतेला वेदना हा कलेचा कच्चा माल वाटतो, ती रसिकता उपचाराकडे नकळत संशयाने पाहते. ही तिची सर्वांत गंभीर त्रुटी होय.

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. क्रौंचवधाने वाल्मीकीच्या तोंडून श्लोक निघाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तो शोक मुनीचा व्यक्तिगत शोक समजू नये, असे अभिनवगुप्ताने 'लोचना'त बजावले आहे. दुःखाने तापलेल्या माणसाच्या ठायी काव्यनिर्मितीची अवस्था संभवत नाही, असा त्याचा युक्तिवाद. योगायोग असा, की वाइनहाउसच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत एका पक्ष्याच्या मृत्यूवर गीत आहे. 'ऑक्टोबर साँग' हे तिच्या पाळलेल्या कॅनरी पक्ष्याविषयी आहे. त्यात 'ललबाय ऑफ बर्डलँड' या जुन्या जॅझ गीताच्या चालीचे पडसाद आहेत, आणि मेलेला पक्षी सारा व्हॉन या गायिकेच्या रूपाने पुन्हा जन्मतो. शोक, कोटी आणि परंपरेला वंदन एकाच जागी. विशीतल्या गायिकेची ही कारागिरी चाहत्यांच्या वादात क्वचितच उल्लेखिली जाते, कारण तिच्यात मद्य नाही आणि पुरुषही नाही.

याचा अर्थ दुसरा पक्ष बरोबर आहे असा मात्र नव्हे. चरित्र पुसून टाकले की शुद्ध गीत उरेल ही अपेक्षा वाइनहाउसच्या बाबतीत फोल ठरते. तिच्या गीतांत खऱ्या माणसांची नावे येतात, उत्तर लंडनची बोली येते, घरातल्या वस्तू आणि शिव्या येतात. 'फ्रँक' हे शीर्षकच स्पष्टवक्तेपणाची ग्वाही देते (आणि सिनात्राचे स्मरणही). आपले आयुष्य ऐकणाऱ्याला ठाऊक व्हावे, अशी व्यवस्था गीतांनीच केली आहे. ही आत्मकथनाची मुद्रा रचनेचाच भाग आहे. एलियटने १९१९ मध्ये भोगणारा माणूस आणि निर्मिणारे मन यांत फरक केला, तो येथे लागू पडतो. पण निर्मिणाऱ्या मनाने भोगणाऱ्याचे नाव, पत्ता आणि केशरचना उचलून एक पात्र उभे केले आहे, ही भर त्यात घालावी लागते. पात्र आणि व्यक्ती यांत गल्लत करावी असे पात्रच सुचविते. श्रोत्याने ती करू नये, एवढेच.

शिवाय रूपनिष्ठ पक्षाचे समर्थक शब्दांवरच थांबतात. केंब्रिजच्या कागदावरील 'लव्ह इज अ लूझिंग गेम' पाहिले तर जुगाराच्या प्रतिमांची एक लहानशी, नीटस मालिका दिसते. पत्ते, डाव, हार. रॅलेच्या शेजारी ती थोडी फिकी वाटली तरी आश्चर्य नाही. गाण्यात जे घडते ते वेगळे. वाइनहाउस ठेक्याच्या किंचित मागे राहते. वाद्यवृंद पुढे सरकतो, शब्द उशिरा पोचतो, आणि पोचल्यावर त्याचा शेवट ती पुरता उच्चारीत नाही. हरणारी व्यक्ती डाव संपल्यानंतर टेबलावरून उठायला वेळ लावते, तसा हा विलंब आहे. हॉलिडे आणि डायना वॉशिंग्टन यांच्या ऐकण्यातून ही रीत तिने घडविली होती, आणि प्रत्येक मैफलीत ती ओळींचे वळण बदलीत असे. समेपर्यंतचे अंतर गायक कसे खर्च करतो, यावर दाद देणाऱ्या ख्यालाच्या श्रोत्याला याचे मर्म सहज कळेल. हा विलंब वेदनेतून आपोआप येत नाही. तो मोजलेला असतो. १८ जून २०११ च्या बेलग्रेड येथील मैफलीत, जेव्हा ती खरोखर असहाय अवस्थेत रंगमंचावर उभी होती, तेव्हा नेमके हे मोजमाप नाहीसे झाले होते. वेदनेलाच कला मानणाऱ्यांनी त्या संध्याकाळचा हिशेब द्यायला हवा. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲबी रोड स्टुडिओत टोनी बेनेटबरोबर मुद्रित केलेल्या 'बॉडी अँड सोल'मध्ये ते मोजमाप शाबूत आहे.

'वारसा' या शब्दाला दोन बाजू आहेत : मागे ठेवलेला आणि मिळालेला. चाहते पहिल्याविषयी भांडतात. दुसरा अधिक अवघड आहे. 'बॅक टू ब्लॅक'चा ध्वनी साठच्या दशकातील कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचा आहे, उंच रचलेला केशसंभार रॉनेट्स या गायिकात्रयीची आठवण करून देणारा, आणि रॉनसनने निर्मिलेल्या गीतांना साथ ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या वादकसंचाची. या संचाची स्वतःची गायिका होती शॅरन जोन्स. चाळिशी उलटेपर्यंत ती अंधारात राहिली, पोटासाठी तिने तुरुंगरक्षकाची नोकरी केली, आणि वाइनहाउसला मिळालेल्या कीर्तीचा अंशही तिच्या वाट्याला आला नाही. २०१६ मध्ये ती वारली. या विषमतेचा दोष वाइनहाउसवर टाकणे अन्यायाचे होईल. तिने आपली ऋणे गीतांतच नावानिशी नोंदविली आहेत. पण 'वेदनेतून थेट आलेला आवाज' ही कल्पना या ऋणांवर पडदा टाकते, हे नोंदविले पाहिजे. आवाज थेट आत्म्यातून आला असेल तर तो कोणाकडून शिकला हे विचारण्याची गरजच राहत नाही.

तिच्या मृत्यूनंतर उरलेल्या सामग्रीचे काय करावे, यावर चाहत्यांत तीव्र मतभेद झाले. डिसेंबर २०११ मध्ये 'लायोनेस : हिडन ट्रेझर्स' हे संकलन निघाले. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठीचे कच्चे आराखडे आपण नष्ट केले, म्हणजे पुढे कोणी त्यांवर काही रचू शकणार नाही, असे युनिव्हर्सल म्युझिकच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख डेव्हिड जोसेफ यांनी २०१५ मध्ये सांगितले. काहींना ही निष्ठा वाटली, काहींना विध्वंस. मॅक्स ब्रॉडपुढे निदान काफ्काचे लेखी सांगणे होते, आणि ते त्याने मोडले. येथे निर्णय कंपनीचा होता.

'लायोनेस'मध्ये 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' या गीताचा आधीचा, संथ पाठ आहे. अनेक चाहत्यांना तोच खरा वाटतो. त्यात दुःख दुःखासारखे ऐकू येते. 'बॅक टू ब्लॅक'मधील पाठ ॲशफर्ड आणि सिम्प्सन यांनी रचलेल्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' (१९६७) या आनंदगीताच्या स्वरसंगतीवर उभा आहे. ते गीत मार्विन गेबरोबर गाणारी टॅमी टेरेल त्याच वर्षी रंगमंचावर कोसळली आणि १९७० मध्ये, चोविसाव्या वर्षी, मेंदूतील गाठीने मरण पावली. तरी त्या गाण्यात कोणी मृत्यूची चाहूल शोधीत बसत नाही. वाइनहाउसच्या द्रुत पाठात शब्द संथ पाठातलेच, म्हणजे सोडून गेलेल्या माणसाचे. खालचे संगीत मात्र कोणताही डोंगर आडवा येणार नाही अशा वचनाचे. लांब ओळी त्या वेगात मावत नाहीत, श्वास पुरत नाही, ती मागे पडते आणि कडव्याच्या शेवटी ठेक्याला येऊन मिळते. दोन्ही पाठ तिच्याजवळ होते. २००६ मध्ये प्रसिद्धीसाठी दिला गेला तो द्रुत पाठ.