वच्छोमी : एका शब्दरूपाचा शोध

राजशेखराने एका रीतीला दोन नावांनी संबोधले आहे. 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात तो 'वैदर्भी' म्हणतो. संपूर्ण प्राकृतात रचलेल्या 'कर्पूरमंजरी' या सट्टकाच्या आरंभी मात्र मागधी आणि पांचाली यांच्या जोडीला 'वच्छोमी' येते. इ. स. ९०० च्या सुमारास लिहिणाऱ्या या लेखकाला दोन्ही नावांनी एकच रीती अभिप्रेत आहे, हे मत आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. आपल्या रीतिविचारात यांपैकी 'वैदर्भी' रुळली आणि 'वच्छोमी' तळटीपेत गेली. या निवडीत आपण काय गमावले, हे तपासायचे तर आधी शब्दरूपाकडे पाहिले पाहिजे.

'वच्छोमी' हे 'वत्सगुल्मी'चे प्राकृत रूप. 'त्स'चा 'च्छ' होतो, मधला 'ग' लोपतो, उरलेले 'अ' आणि 'उ' मिळून 'ओ' होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, १९९८ साली अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे ठाणे आणि त्यापूर्वी सुमारे सोळाशे वर्षे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाशीम या नावाचा पहिला अवयवही प्राकृतातूनच आलेला दिसतो. प्राकृतातील 'छ', 'च्छ' यांचा मराठीत 'स' किंवा 'श' होतो : छेत्त–शेत, मच्छिआ–माशी, उच्छु–ऊस. हिंदीने याच शब्दांच्या बाबतीत 'क्ख'ची वाट धरली आणि तेथे खेत, मक्खी, ईख झाले. 'वच्छ'पासून 'वास' होणे या नियमाला धरून आहे. 'वासरू' हा त्याचा घरोघरचा साक्षीदार.

परंतु 'वच्छ' म्हणजे काय? येथे अडचण सुरू होते. प्राकृतात या एका रूपात तीन संस्कृत शब्द येऊन मिळाले आहेत. 'वत्स' म्हणजे वासरू किंवा लेकरू, 'वक्षस्' म्हणजे छाती, आणि 'वृक्ष'. हेमचंद्राने आपल्या व्याकरणात 'वृक्ष'साठी 'रुक्ख' आणि 'वच्छ' अशी दोन्ही रूपे दिली आहेत. 'गुल्म'ची गत याच्या उलट आहे. तेथे शब्द एकच, पण तो झुडपांची जाळी, पोटातली गाठ आणि नऊ हत्ती, नऊ रथ, सत्तावीस घोडे व पंचेचाळीस पायदळ यांची सेनेची तुकडी, अशा तिन्ही अर्थांनी वापरला गेला आहे. एकीकडे अनेक उगमांचे एक रूप, दुसरीकडे एका रूपाचे अनेक अर्थ.

रूपसाम्य किती फसवे असते याची उदाहरणे युरोपीय भाषांत विपुल आहेत. इंग्रजी 'बॅड' आणि आपण फारसीतून घेतलेला 'बद' यांचा ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो. उगम मात्र एक नाही. उलट 'गिफ्ट' हा शब्द इंग्रजीत भेट आणि जर्मनमध्ये विष असा अर्थ देतो, तरी दोहोंचे मूळ 'देणे' या एकाच धातूत आहे. उगमावरून अर्थ ठरत नाही आणि अर्थावरून उगम सिद्ध होत नाही. शब्दाचा इतिहास आणि विशिष्ट काळातील भाषाव्यवस्थेत त्याचे असलेले मूल्य हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हा सोस्यूरचा आग्रह येथे उपयोगी पडतो.

वत्सगुल्म या नावाचे परंपरेने केलेले अर्थ या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. स्थलमाहात्म्यानुसार वत्स ऋषीच्या तपामुळे देवांचा समूह त्याच्या आश्रमापाशी येऊन राहिला. म्हणजे 'गुल्म' हा समुदाय. 'कामसूत्रा'वरील जयमंगला टीकेत वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथातील दोन सख्खे राजपुत्र होतात. तीर्थाला ऋषी लागतो, राजधानीला राजपुत्र लागतात. प्रत्येक वाचकाने शब्दाकडून आपल्याला हवे तेच वदवून घेतले. आधुनिक वाचकालाही मोह होईल, की 'वच्छ' म्हणजे वृक्ष मानावा आणि झाडांच्या जाळीचे हे गाव, असा सरळ अर्थ लावून मोकळे व्हावे. अर्थ सुरेख जुळतो. पण १९३९ साली वाशीम येथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात स्थळाचे नाव 'वत्सगुल्म' असेच आहे. महाभारताच्या वनपर्वातील 'वंशगुल्म' तीर्थही कानाला जवळचे वाटते. ते शोण-नर्मदेच्या उगमापाशी आहे. जुळणाऱ्या अर्थाला पुराव्याची जागा देता येत नाही.

तोच ताम्रपट आणखी एक गोष्ट सांगतो. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. कुलाच्या प्रतिष्ठेची भाषा एक, व्यवहाराची दुसरी. मग काव्याची कोणती? या शाखेचा संस्थापक सर्वसेन. 'हरिविजय' हे त्याचे काव्य प्राकृतात होते. ते आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनाने त्याचा आदराने निर्देश केला आहे. म्हणजे वत्सगुल्मात प्राकृत ही केवळ दानपत्राच्या तपशिलापुरती नव्हती. राजा तिच्यात काव्य रचीत होता.

येथे कुंतकाचा आक्षेप लक्षात घेतला पाहिजे. मामेबहिणीशी विवाह हा देशाचार असू शकतो, तसा काव्याचा गुण देशाचार असू शकत नाही; देश तर अनंत आहेत, असे म्हणून त्याने प्रादेशिक नावे बाजूला सारली आणि सुकुमार, विचित्र, मध्यम असे मार्ग मांडले. हा युक्तिवाद मला निर्णायक वाटतो. वैदर्भी हा विदर्भाचा प्रांतिक अभिमानविषय करणारे लेखन उगमालाच अर्थ समजण्याची चूक करते. मात्र सुकुमार मार्गाचे कवी सांगताना कुंतक कालिदासाच्या शेजारी नाव घेतो ते सर्वसेनाचे. ज्याने भूगोल पुसला, त्याच्याच उदाहरणात वत्सगुल्मचा राजा उभा आहे. आणि तोही प्राकृत कवी म्हणून.

'वच्छोमी' हे नाव जपायचे ते याकरिता. 'वैदर्भी' म्हणताच आपल्यापुढे कालिदास येतो आणि प्रासादिकतेचा आदर्श संस्कृताच्या खात्यावर जमा होतो. 'वच्छोमी' म्हटल्यावर तो हिशेब पुन्हा मांडावा लागतो. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरातच लावून दिला आहे. ती कल्पित कथा आहे, इतिहास नव्हे. पण संस्कृत ग्रंथात हा विवाहसोहळा मांडणाऱ्या लेखकाने प्राकृतात लिहिताना रीतीला त्याच नगराचे, प्राकृत वळणाचे नाव दिले, हे नोंदले पाहिजे. मराठी ज्या प्राकृत परंपरेची वारस आहे, तिच्यापाशी काव्यच नव्हे, तर काव्याविषयी बोलण्याचे शब्दही होते. त्यांतला एक आपल्या परिभाषेत परत येऊ शकतो.